पूरक इंधनटाकी, कार्ब्युरेटर जुळवणीची (कोकण)

मोटारसायकलची मूळ टाकी उतरवलेली असताना, किंवा टाकीतल्या पेट्रोलवर भरवसा नसताना, इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुळवण्यासाठी गॅरेजातच तयार केलेली छोटी टांगती टाकी. बाटली अथवा डबा, तोटी, नळी आणि टांगायला आकडा हे तिचे भाग. सलाइनच्या बाटलीपासून केलेली टाकी हा सर्वांत ओळखीचा प्रकार होय. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ प्रदूषण-मानके लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांत जवळजवळ सर्वत्र कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा) आले. तेथे पंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल पुरवतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या टांगत्या टाकीला वाव नाही. प्रस्तुत नोंद त्याआधीच्या गाड्यांपुरती आहे : यझ्दी, राजदूत, बुलेट, १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० व हीरो होंडा सीडी १००, आणि त्यानंतरच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्या.

उगम : तीन तर्क संभवतात. पहिला, मायलेज तपासण्याची मापाची बाटली : तीत १०० मिलि. पेट्रोल घालून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची आणि अंतर मोजायचे. दुसरा, दवाखान्यातून आलेली सलाइनची बाटली व तिची नळी. तिसरा तर्क किनाऱ्याशी अधिक जवळचा आहे. रॉकेलवर चालणारी पंपाची इंजिने आणि मच्छीमार होड्यांची आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेली) मशीने पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतली जात. त्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. आउटबोर्डची मुख्य टाकीही मशीनपासून दूर, नळीने जोडलेली. इंजिनाला आपल्याच टाकीचे इंधन लागते असे नाही, ही कल्पना बंदरावरच्या मिस्त्रीला नवी नव्हती. कल्पना होडीवरून आणि आकार दवाखान्यातून आला, असे मानणे सयुक्तिक वाटते. मात्र सलाइन-टाकीचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांमागे नेणे अवघड आहे, कारण खेड्यापाड्यांत मोटारसायकली वाढल्या त्या बहुतांशी याच काळात.

टाकी कोणतीही जोडली तरी इंजिन चालते, याचे श्रेय कार्ब्युरेटरच्या फ्लोट-कटोरीला आहे : कटोरी ठरावीक पातळीपर्यंत भरली की तीत तरंगणारा फ्लोट सुई बैठकीवर दाबून पेट्रोलची वाट मिटवतो. असा कार्ब्युरेटर प्रथम कोणी केला याबद्दल मतभेद आहेत. जर्मन ग्रंथकार अभियंता विल्हेल्म मायबाख याच्या १८९३ मधील फवारा-कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतात. हंगेरियन परंपरा दोनात बाँकी व यानोश चोंका यांच्या त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील पेटंटकडे. केवळ तारखांचा विचार केला तर हंगेरियन दावा थोडा पुढे राहतो. फ्लोटने पातळी राखण्याची कल्पना मात्र दोहोंच्याही आधीची आहे.

उंची व दाब : पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७४ किग्रॅ. धरली, तर ४० सेंमी. उंचीचा स्तंभ सुईच्या बैठकीवर २.९ किलोपास्कल दाब देतो. १ मीटरवर टांगलेली बाटली ७.३. बैठकीचे छिद्र २ मिमी. असल्यास सुईवरचा भार पहिल्या वेळी सुमारे ०.९ ग्रॅम, दुसऱ्या वेळी २.३ ग्रॅम. फरक क्षुल्लक वाटेल; पण सुई मिटवायला फ्लोटला तेवढे अधिक बुडावे लागते आणि कटोरीतील पातळी वर सरकते. सुई झिजलेली असली तर ओव्हरफ्लोच होतो. बाटली छताच्या वाशाला टांगून बसवलेले आयडलिंग (थ्रॉटल मिटलेला असतानाची इंजिनाची संथ चाल) मूळ टाकी चढवताच बदलते, त्याचे एक कारण हेच. म्हणून बाटली मूळ टाकीच्याच उंचीवर असावी, हा नियम बाकी सर्व सूचनांपेक्षा महत्त्वाचा मानला पाहिजे.

हवेच्या वाटेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. हवा आत शिरली नाही तर बाटलीत निर्वात वाढतो, धार मंदावते आणि इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत गुदमरते. बुडाला छिद्र पाडून उलटी टांगलेली बाटली रिकामी होत जाते तसा दाब उतरतो. काचेच्या बाटलीच्या बुचातून हवेची सुई घातली आणि तिचे टोक बुचापाशीच पेट्रोलात राहिले, तर हवा बुडबुड्यांनी वर जाते आणि दाब त्या टोकाच्या उंचीवर स्थिर राहतो. सतराव्या शतकातील फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एदम मारियोत याच्या नावाने ओळखली जाणारी बाटली ती हीच. अशा बाटलीची उंची पेट्रोलच्या पृष्ठभागापासून न मोजता हवेच्या सुईच्या टोकापासून मोजावी लागते.

सलाइनच्या संचातील थेंबांची कुपी काढून टाकणे इष्ट. ताशी ६० किमी. वेगाने, लिटरला ५० किमी. देणारी गाडी मिनिटाला २० मिलि. पेट्रोल पिते. आयडलिंगला थेंब पुरतात. थ्रॉटल उघडताच कुपी आड येते, मिश्रण पातळ होते आणि दोष नसलेला मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) बदलला जातो.

जोडणीत दोन गोष्टी हटकून राहतात. ज्या गाड्यांचा पेट्रोल-कॉक (टाकीखालची तोटी) इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे ओढीवर, चालतो, तेथे टाकी काढल्यावर इंजिनाकडची मोकळी नळी बुजवलीच पाहिजे, नाहीतर तिच्यातून फाजील हवा शिरते. यझ्दी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत बाटलीतल्या पेट्रोलातही ऑइल मिसळावे लागते. आरएक्स १०० ला वेगळा ऑइल पंप असल्याने नाही. मिश्रण जुळवणारा हवेचा स्क्रू फिरवण्याची रीत मूळ टाकीवर जशी, तशीच येथेही.

कोकणातील उपयोग : जुळवणीपेक्षा निदानासाठी ही टाकी येथे अधिक मोलाची ठरते. चाकरमान्याची गाडी गणपती ते शिमगा, शिमगा ते मे महिना अशी महिनोन्महिने पडवीत उभी असते. अर्धी टाकी रिकामी, वर दमट खारी हवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल बाष्प शोषते आणि मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉलचा थर तळाशी, नेमका कॉकच्या तोंडाशी, बसतो. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र जांभ्याच्या धुळीने बुजते ते वेगळेच. बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर गाडी नीट चालली, तर दोष टाकी, झाकण वा कॉकमध्ये. तशीच अडखळली, तर कार्ब्युरेटर उघडावा. या एका परीक्षेने कितीतरी कार्ब्युरेटर विनाकारण खोलले जाण्यापासून वाचतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचे आदर्श प्रमाण (एका भागाला, वजनाने) १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागते. म्हणून बाटलीत ग्राहक नेहमी भरतो तेच पेट्रोल घालावे. किनाऱ्यावर जुळवलेली गाडी सुमारे ६९० मी. उंचीच्या आंबोलीत किंचित पेट्रोल जास्त घेते. तीन-चार टक्क्यांच्या या फरकासाठी स्क्रूला हात लावू नये.

साहित्य : सलाइनची पीव्हीसी नळी पेट्रोलात कडक होते, रबरी बूच फुगते, नायट्राइल रबराची इंधननळी टिकते. पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत आतून गंजतो आणि गंजाचे कण जेटमध्ये जातात, म्हणून स्टीलची बाटली, पितळी तोटी आणि मध्ये फिल्टर ही रचना श्रेयस्कर. पेट्रोल राहिलेल्या डब्याला डाग देणे (तापवून सांधणे) जिवावर बेतू शकते.

सुरक्षितता व कायदा : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून हवेत सुमारे १.४ टक्के झाली तरी पेटते. ती जमिनीलगत पसरते. बाटली प्लग व सायलेन्सरपासून दूर असावी, तोटी हाताशी असावी, आणि तीत २००–३०० मिलि.पेक्षा अधिक पेट्रोल असू नये. उभ्या गाडीच्या इंजिनाला वारा मिळत नसल्याने समोर पंखा लावावा. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, आणि काचेचे भांडे १ लिटरहून मोठे नसावे. प्लास्टिकचा उल्लेख या यादीत नाही.