घरपट्टीतील सूट व माफी (कोकण)

घरपट्टी म्हणजे राहत्या घरावर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका घेते तो वार्षिक कर. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा गावांत ती १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाने लागते. किनारपट्टीवरच्या खेड्यापाड्यांत मात्र १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम चालतो. त्याच्या कलम १२४ प्रमाणे इमारत करपात्र असते, शेतसारा लागणारी जमीन नसते. म्हणून हापूसच्या कलमबागेवर ग्रामपंचायतीची पट्टी नाही, पण बागेतल्या घरावर आहे.

डिसेंबर २०१५च्या नियमबदलापासून ग्रामपंचायतींची आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा व बांधकामाचा दर, घराचे वय आणि वापर यांवरून ते मूल्य निघते. मातीच्या भिंतींच्या घराचा दर कमी, स्लॅबच्या घराचा जास्त. घर जुने होईल तसा घसारा, म्हणजे वयामुळे घटलेली किंमत, वजा होतो. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या कौलारू घराला खरा दिलासा मिळतो तो इथेच, आणि तो कोणत्याही योजनेच्या नावाने ओळखला जात नाही. घसारा बरोबर धरला आहे का, हे नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत प्रत्येकाने एकदा तरी पाहावे. पर्यटकांना खोल्या भाड्याने दिल्या की त्या भागाला व्यापारी वापराचा भारांक, म्हणजे कर वाढवणारा गुणक, लागू शकतो.

ग्रामपंचायतीत सर्वांना मिळणारी सूट म्हणजे वेळेवर भरण्याची. चालू वर्षाची घरपट्टी ३० सप्टेंबरपूर्वी भरल्यास ५ टक्के सूट मिळते, वर्ष उलटून गेल्यावर ५ टक्के दंड लागतो. गणपतीला गावी येणारे चाकरमानी ती भरून जातात तो हिशेब यामुळे अगदी योग्य ठरतो. शिमग्यापर्यंत थांबणाऱ्याची सूट हुकते. २०२५च्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात निवासी घरांच्या जुन्या थकबाकीत ५० टक्के सवलत देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. त्यासाठी चालू कर पूर्ण भरणे ही अट होती.

पूर्ण माफी मोजक्यांनाच आहे. त्यातली कोकणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी म्हणजे माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नी यांची. पूर्वी हा लाभ शौर्यपदकधारक व सैनिकांच्या विधवा पत्नी अशा मोजक्यांपुरता होता. २०२०मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेने तो सर्व माजी सैनिकांना खुला झाला. पलटणीत भरती होण्याची परंपरा असलेली गावे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आहेत, त्यामुळे पात्र घरेही पुष्कळ. माफी एकाच मालमत्तेला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. घरपट्टी माफ झाली म्हणून पाणीपट्टी माफ होत नाही.

अडते ते नावापाशी. घर आजोबांच्या नावे, वारस पाच, चार मुंबईत आणि पेन्शनवर आलेला फौजी पाचवा. नोंदवहीत त्याचे नावच नसते, मग माफी कोणत्या घराची हा प्रश्न उभा राहतो. वारसनोंद आधी करून घेणे हाच मार्ग. तरी ध्यानात ठेवावे की नमुना ८ वरचे नाव किंवा घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. भावकीतले कितीतरी वाद याच गैरसमजातून वाढतात.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर २०२२पासून माफ आहे. त्यामुळे चाळीतली खोली करमुक्त असलेल्याला गावचे घरही तसेच असेल असे वाटते. पण तो निर्णय मुंबई महापालिकेपुरता आहे, कोकणातल्या ग्रामपंचायतींना तो लागू नाही. कुलूप लावलेले घरही आपोआप माफ होत नाही. बिल साचत जाते आणि दार उघडले जाते त्या सुट्टीत सगळी थकबाकी एकदम पुढ्यात येते.

आकारणी चुकीची वाटल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते, त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांत छपरे उडाली, घरे पडली. अशा वेळी पडलेल्या घराची नोंद दुरुस्त व्हावी म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.