वास्कोचा सप्ताह आणि झांबावलीचा नारळ

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर देवळात भजनी सप्ताह बसतो. नाव सप्ताह, भजन मात्र चोवीस तासांचे. त्याची मुळे शोधायची तर आधी वास्को ज्यात येते त्या मुरगाव तालुक्यातून देव निघून गेले तिथपर्यंत मागे जावे लागते.

१५६० च्या दशकात पोर्तुगीज छळाच्या धास्तीने कुठ्ठाळचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह भाविकांनी जुवारी नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, नेले. मडगावचा दामोदर कुशावतीकाठी झांबावलीला गेला. तालुक्यातली जुनी देवस्थाने अशी ओस पडली, ती शतकानुशतके.

१८८८ साली मुरगाव बंदरातून घाटापलीकडे आगगाडी सुरू झाली. व्यापारी, कारकून, हमाल, दुकानदार आले आणि बंदराच्या पाठीशी वास्को वाढू लागले. वस्ती नवी, माणसे ठिकठिकाणची. सगळ्यांचे मिळून ग्रामदैवत कुठून असणार? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उफाळला आणि बंदरे व रेल्वेच्या वाटेने पसरत गेला. मुरगावातही साथ आली. जुनी मंडळी सांगतात ते असे : काही गृहस्थ झांबावलीला गेले, दामोदराला गाऱ्हाणे घातले, प्रसादाचा नारळ आणून एका घरात ठेवला आणि त्यापुढे रात्रंदिवस भजन केले. साथ ओसरली. ती कशाने ओसरली याचा काथ्याकूट कोणी करत नाही, मीही करणार नाही. पण मूर्ती नव्हे, नारळ. देऊळ नव्हे, घर. हे मला लक्षणीय वाटते. धर्म आणि राजसत्ता वेगळी करणारे प्रजासत्ताक पोर्तुगालात आले ते १९१० मध्ये. तोवर जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, हिंदूंनी उघड देऊळ बांधणे सोपे नव्हते.

पुढे घराचेच देवस्थान झाले. दरवर्षी नवा नारळ ठेवून भजनाला आरंभ होतो. पथकामागून पथक बसते, पखवाज आणि झांज रात्रभर थांबत नाहीत. रात्री बाजारकर, नाभिक, दैवज्ञ अशा निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, वाजतगाजत देवळाकडे येतात. श्रावणातली सर आली की डोक्यावर छत्री, पण अभंग चालूच. दुसऱ्या दिवशी जुना नारळ खारीवाड्याच्या समुद्रात विसर्जित करतात.

फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, मात्र त्यानंतरही काही दिवस भरते. वाहतूक कोंडली म्हणून वास्कोकर दरवर्षी कुरकुरतात आणि घरी जाताना खाज्याची पुडी घेतातच.