जुनी जावा, बुलेट किंवा आरडी घेताय? बडोद्यात नाव चढवण्यापासून व्हिंटेज नोंदणीपर्यंतची कागदपत्रं

जुनी मोटरसायकल बघायला गेलो की आपला हात आधी टाकीवरून फिरतो आणि पाय किककडे जातो. माझी कळकळीची विनंती आहे, किक नंतर मारा, आधी आरसी बुक मागा. इंजिन उघडून नीट करणारे कारागीर बडोद्यात अजून आहेत. हरवलेली नोंद मात्र कुठलाच कारागीर जोडून देत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा भरला होता. तेव्हापासून दांडिया बाजार, वाडी भागातली ओळखीची मंडळी मला एकच प्रश्न विचारतात: "आजोबांची गाडी पडवीत उभी आहे, ती व्हिंटेजमध्ये बसेल का?" म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. दुचाकीही त्यात येतात. अट अशी की पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली हवीत, आणि गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या १९६१ पासूनच्या जावा आज वयाने बसतात. येझदी हे नाव १९७३ मध्ये आलं, त्यामुळे येझदीतल्या फक्त सुरुवातीच्या गाड्या बसतील. राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी, १९८३ ची. तिची पहिली गाडीसुद्धा २०३३ आधी व्हिंटेज होत नाही. आरएक्स १०० तर १९८५ ची. विकणारा 'व्हिंटेज' म्हणून भाव वाढवत असेल तर हे साल त्याच्यापुढे ठेवा. दुर्मिळ असणं वेगळं, नियमातली व्हिंटेज वेगळी.

आता नाव चढवणं. गाडी गुजरातमधलीच असेल तर फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज), सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिसच्या नंबरचा ठसा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. पुण्याहून किंवा नाशिकहून गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते. अशा वेळी विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि गुजरातचा कर वेगळा भरावा लागतो. सौदा ठरवतानाच तो हिशेबात धरा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा आणि फी तिथेच भरायची.

इथे जुन्या गाड्यांची खरी अडचण येते. हाताने लिहिलेलं, कापडी पाठीचं जुनं आरसी बुक खरं असतं, पण त्यातला नंबर पोर्टलवर टाकला की काहीच दिसत नाही. नोंद संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी ज्या आरटीओचं बुक आहे तिथेच 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ बुक, गाडी प्रत्यक्ष तपासणीला नेणं आणि थोडा धीर, तिन्ही लागतं. हे काम विकणाऱ्याने करून द्यावं, अशी अट घाला आणि नोंद दिसेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. मुदत संपलेल्या आरसीचंही तसंच. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला त्याची फी २,००० रुपये आहे.

चेसिसच्या ठशाबद्दल थोडं सविस्तर, कारण मी स्वतः त्यात पोळलो आहे. एका विक्रेत्याकडून जावा घेतली, रंग आरशासारखा. हँडलखाली फ्रेमच्या मानेवर कागद धरून पेन्सिल फिरवली तर आकडे उमटेचनात. पावडर कोटिंगने खाचा भरून गेल्या होत्या. रंग काढल्यावर बुकात जिथे ३ होता तिथे लोखंडावर ८ निघाला. पूर्वी कुणीतरी उतरवून घेताना चुकलं होतं की गाडीच दुसरी होती, हे ठरेपर्यंत मला सात महिने लागले. तेव्हापासून मी खिशात मऊ पेन्सिल, पातळ कागद आणि रॉकेलचा बोळा घेऊनच गाडी बघायला जातो. चकचकीत रंगाखाली नंबर वाचता येत नसेल तर तिथेच थांबा. इंजिनचा नंबरही बुकाशी ताडून बघा. या गाड्यांना दुसरीचं इंजिन बसवणं पूर्वी सर्रास चालायचं, पण त्याला आरटीओची मंजुरी नसेल तर तपासणीत गाडी अडते आणि व्हिंटेजचा रस्ताही बंद होतो. गाडी चोरीची नाही ना, यासाठी एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या, पोलीस पोर्टलवरून वाहनाची एनओसी काढता येते. दहा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, तलाटी कार्यालयातला पेढीनामा (वंशावळ) आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती जोडा. कायद्याने वारसाने ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडे गाडी वीस-वीस वर्षं वडिलांच्याच नावावर राहते. अशी गाडी थेट 'खुल्या' टीटीओ (नाव बदलण्याच्या) सेटवर, म्हणजे सही करून कोऱ्या ठेवलेल्या फॉर्मवर, कधीच घेऊ नका आणि विकूही नका. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी वारसाच्या नावावर करा, मग पुढे द्या.

व्हिंटेज नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, फी, आधीची आरसी. गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते आणि ती पात्र ठरली की ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. भारतात आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. १९८९ आधीची तीन अक्षरी पाटी जपून ठेवणाऱ्यांसाठी ही फार मोलाची तरतूद आहे. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो.

पण फी भरण्याआधी स्वतःला एक विचारा: गाडी चालवायची आहे की जपायची? व्हिंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी पहाटे पावागडला जायचं असेल तर साधी नोंदणीच जिवंत ठेवा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा. मी माझ्या जावाचं तेच केलं आहे.

आणि सौदा झाला त्याच दिवशी, विकणाऱ्याच्या घरून निघण्याआधी, फॉर्म २९ च्या दोन्ही प्रतींवर तारीख घालून सह्या घ्या, पावतीवर चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर लिहून घ्या, आणि मूळ बुक हातात आल्याशिवाय गाडी टेम्पोत चढवू नका.