सकाळचे ऊन, शहरातील इमारती आणि ‘फास्ट प्राइम’ : पार्श्वभूमी

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेची आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग पूर्वाभिमुख आहे, तर तिच्या समोरच्या गॉथिक शैलीच्या रांगेची, म्हणजे उच्च न्यायालयाची आणि राजाबाई टॉवरची, मैदानाकडची बाजू पश्चिमाभिमुख. त्यामुळे सकाळचे ऊन थेट पडते ते डेको इमारतींच्या गोलाकार गॅलऱ्यांवर आणि छज्ज्यांवर. गॉथिक रांग त्या वेळी पाठीमागून उजळलेली, काळसर दिसते. हिवाळ्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पण पहिला काही वेळ गॉथिक रांगेची सावली मैदान ओलांडून समोरच्या भिंतींवर पडलेली असते आणि ऊन वरच्या मजल्यांवरून हळूहळू खाली उतरते. ज्या प्रकाशासाठी छायाचित्रकार पहाटे येतात, तो प्रकाश असा आधी वर, मग खाली येतो, आणि तोपर्यंतचा अर्धा तास अंधुकच असतो. अशा प्रकाशात उपयोगी पडते ते ‘फास्ट प्राइम’, म्हणजे मोठ्या छिद्राचे, झूम नसलेले भिंग.

इमारतींच्या छायाचित्रणाला आरंभी वेगवान भिंगाची गरजच नव्हती. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळात कोलोडियन या चिकट द्रवाचा थर दिलेली काच ओली असेपर्यंतच वापरावी लागे, कॅमेरा तिवईवर असे आणि इमारत हलत नसल्यामुळे काही सेकंदांचे एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा अवधी) चालून जाई. मोठ्या छिद्राची भिंगे माणसांसाठी बनली. १८४० मध्ये व्हिएन्नात तयार झालेले एफ/३.६ चे भिंग (‘एफ’पुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) व्यक्तिचित्रांसाठी होते, आणि १९२४ मध्ये ड्रेस्डेनमध्ये एफ/२ चे भिंग लावलेला जो लहान कॅमेरा आला, त्याची ख्याती सभागृहांत व रंगमंदिरांत फ्लॅशशिवाय चित्रे टिपण्यासाठी झाली.

‘फास्ट प्राइम’ ही जोडसंज्ञा मराठीत आली ती दोन गैरसमज घेऊन, आणि त्यांचा उलगडा केल्याशिवाय पुढचा इतिहास नीट समजत नाही. ‘फास्ट’चे भाषांतर सर्रास ‘वेगवान भिंग’ असे केले जाते आणि वाचणाऱ्याला वाटते, की हे भिंग पटकन फोकस करते. प्रत्यक्षात हा वेग भिंगाचा नसून त्यामुळे शक्य होणाऱ्या एक्स्पोजरचा आहे. ५० मिमी नाभ्यंतराच्या (नाभ्यंतर जितके जास्त, तितका दिसणारा भाग अरुंद) एफ/१.८ भिंगाचे छिद्र सुमारे २८ मिमी व्यासाचे असते आणि एफ/५.६ च्या तुलनेत त्यातून साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश येतो. म्हणजे जिथे सेकंदाचा दहावा भाग लागला असता, तिथे जवळपास शंभरावा भाग पुरतो. स्वयंचलित फोकसचा वेग ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. ‘प्राइम’चा गोंधळ अधिक खोल आहे. मूळ अर्थाने ते मुख्य भिंग, ज्याच्यापुढे किंवा मागे पूरक भिंग जोडता येई. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी झूम, म्हणजे नाभ्यंतर बदलता येणारे भिंग, १९५९ मध्ये आला. तोपर्यंत त्यावरची भिंगे स्थिर नाभ्यंतराचीच असल्यामुळे त्यांना वेगळे नाव देण्याचे कारणच नव्हते. झूम रुळल्यावर उरलेल्या सर्व भिंगांना ‘प्राइम’ म्हणण्याची पद्धत पडली आणि जुना अर्थ मागे राहिला. ‘प्राइम म्हणजे उत्तम’ ही समजूत त्यामुळे निराधार आहे. एफ/४ चे मंद प्राइमही असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मोठ्या छिद्राचे स्थिर भिंग’ हा शब्दप्रयोग लांब असला तरी प्रामाणिक आहे.

इमारतींकडे ही भिंगे वळली ती फिल्मयुगाच्या उत्तरार्धात. रंगीत स्लाइड फिल्मची संवेदनशीलता (आयएसओ; आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त लागतो) बहुधा २५, ६४ किंवा १०० एवढीच असे आणि ५० मिमीचे भिंग हातात धरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा मंद शटर सहसा ठेवता येत नसे. त्यात शहरातल्या वाढत्या गर्दीत पदपथावर तिवई उघडली, की परवानगीचा प्रश्न येई. तो आजही येतो. १९८७ नंतर एफ/१.८ ची स्वयंचलित फोकसची भिंगे तुलनेने स्वस्तात मिळू लागली. बोरा बाजारच्या दुकानांत ‘फिफ्टी’ मागणाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नसे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या लहान सेन्सरवर हीच फिफ्टी ७५ ते ८० मिमीसारखी अरुंद भासू लागली, म्हणून २००९ पासून ३५ मिमी एफ/१.८ सारख्या भिंगांना मागणी आली.

छिद्र पूर्ण उघडून इमारत टिपू नये, असे सांगणाऱ्यांचा आक्षेप सहसा फोकसच्या खोलीवर असतो, पण मैदानापलीकडच्या इमारतीसाठी तो लागू होत नाही. पूर्ण आकाराच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर ५० मिमी भिंग एफ/२ वर ठेवून साधारण ४२ मीटरवर फोकस केले, तर २१ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. खरी अडचण कोपऱ्यांची आहे. तिथे चित्र मऊ आणि गडद होते आणि छज्ज्याची सरळ रेघ कडेला जाऊन विरघळते. एफ/२.८ वर हा दोष बराच कमी होतो आणि तरीही पहाटेचा प्रकाश पुरतो. कॅमेरा वर झुकवल्याने उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात, त्यावर मात्र मोठ्या छिद्राचा काहीच इलाज नाही. तो इलाज १९६० च्या दशकापासून कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणाऱ्या ‘शिफ्ट’ भिंगांनी दिला, पण ती भिंगे महाग आणि मंद.

गेल्या दशकात सेन्सरची संवेदनशीलता वाढली, थरथर रोखणारी यंत्रणा कॅमेऱ्यातच असणे रुळले आणि ही भिंगे अनावश्यक ठरतील असे वाटू लागले. तसे झाले नाही. आयएसओ ३२०० वर चित्रात उमटणारे दाणे काढून टाकणारी प्रक्रिया मालाडच्या पिवळसर दगडावरील छिन्नीच्या खुणाही पुसून टाकते. थरथर रोखणारी यंत्रणा इमारत स्थिर ठेवते, पण मैदानात सकाळीच सराव सुरू करणाऱ्या गोलंदाजाचा हात तिला थांबवता येत नाही. त्यासाठी शटरच जलद लागते. ३० जून २०१८ रोजी गॉथिक आणि डेको या दोन्ही रांगा एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत आल्या. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सातच्या आधी मैदानाच्या कडेला कॅमेरे घेऊन उभी राहणारी मंडळी वाढली. त्यांतील बहुतेकांकडे तिवई नसते.