कुलगुरू नेमायचा कोणी आणि पैसा मागायचा कोणाकडे? : पार्श्वभूमी

मुंबईचे विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. अध्यापन महाविद्यालयांत चाले. पुढे विद्यापीठांचे स्वतःचे विभाग वाढले, तरी परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क (विद्यापीठाशी जोडून घेण्यासाठी महाविद्यालये देतात ते) हाच स्वनिधीचा कणा राहिला. राज्य शासन मंजूर पदांचे वेतन देते. बाकीचा बराचसा खर्च विद्यापीठाने स्वतः भागवायचा असतो. २००१ नंतर नवी महाविद्यालये कायम विनाअनुदानित तत्त्वावर येऊ लागली, तेव्हा विद्यापीठावरचा संलग्नतेचा भार वाढला, शासनावरचा मात्र वाढला नाही. आता मोठी महाविद्यालये स्वायत्त होऊन आपल्या परीक्षा आपणच घेऊ लागल्याने हा कणाही वाकू लागला आहे.

अशा स्थितीत कुलगुरूंचे निम्मे काम मंत्रालयात पाठपुरावा करण्याचे असते, आणि म्हणूनच त्यांची निवड कोणी करायची हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार शोध समिती नावांची यादी कुलपती असलेल्या राज्यपालांकडे पाठवते आणि ते त्यातून निवड करतात. समितीत शासनाचा प्रतिनिधी असतो, पण अंतिम निर्णयात शासन नसते. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरकारने विधिमंडळात संमत करून घेतलेल्या दुरुस्तीने हीच घडी बदलणार होती. समितीची नावे आधी शासनाकडे यावीत, शासनाने त्यांतील दोन कुलपतींकडे धाडावीत आणि कुलपतींनी त्यांतून एकाची नेमणूक करावी, अशी तरतूद होती. शिवाय उच्च शिक्षणमंत्र्यांसाठी कुलपतींच्या खालोखालचे प्र-कुलपतिपद निर्माण करण्यात येणार होते. जो पैसा देतो त्यालाच उत्तरदायित्व हवे, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. विरोधकांनी त्यात राजकीय हस्तक्षेप पाहिला, आणि ही भीती निराधार नव्हती : ज्याच्या शिफारशीवर पद मिळाले त्याच्याच दारात थकलेल्या अनुदानासाठी ठामपणे उभे राहणे फारच थोड्यांना जमते. तथापि, राजभवनातून नेमलेले कुलगुरू तरी या बाबतीत कितीसे मुखर होते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. दुरुस्तीला कायदा होण्यासाठी लागणारी संमती मिळाली नाही आणि सत्तांतरानंतर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेण्याचा निर्णय घेतला.

त्याच वर्षी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रीय नियमांना डावलून झालेली कुलगुरूंची नेमणूक रद्द ठरवली, त्यामुळे राज्यांची मोकळीक आणखी आक्रसली. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींना देण्याचे आणि उद्योग वा प्रशासनातील व्यक्तींनाही कुलगुरुपद खुले करण्याचे सुचवले गेले, आणि अनेक राज्यांनी त्यास आक्षेप घेतला.

पैशाच्या बाजूला चित्र वेगळे आहे. मे २०२० मध्ये वित्त विभागाने करोनाचे कारण देऊन नव्या भरतीवर बंदी घातली. पण अध्यापकांच्या जागा त्याआधीही वर्षानुवर्षे रिक्त होत्या आणि तासिका तत्त्वावरील नेमणुकांवर विभाग चालत होते. २०२३ पासूनच्या केंद्रीय योजनेत निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये मिळू शकतात, परंतु त्यासाठी राज्याने नवे शैक्षणिक धोरण राबवण्याचा करार करावा लागतो आणि आपला ४० टक्के वाटाही उचलावा लागतो. शिवाय हा पैसा इमारती, उपकरणे, प्रयोगशाळा यांवर जातो. कायम अध्यापकांचे वेतन त्यातून निघत नाही, आणि पदभरतीच्या प्रस्तावाला वित्त विभागाची मान्यता आजही घ्यावीच लागते.