अमेरिकेत राहत नसताना तिथलं एअरलाइनचं क्रेडिट कार्ड काढायचं असेल तर

डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या एअरलाइन्सची कार्डं ज्यांना हवीयत पण जे अमेरिकेचे नागरिक नाहीत आणि तिथे राहतही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी यात दीड वर्ष घालवलं आणि त्यातलं निम्मं तरी उलट्या क्रमानं कामं केल्यामुळे गेलं. आधी कार्डाचा फॉर्म भरला, तो नाकारला गेला, मग नंबर, मग बँक खातं, असं सगळं शेपटीकडून चालू केलं होतं. खरा क्रम असा आहे: आधी टॅक्स नंबर, पत्ता आणि खातं, मग साधं कार्ड, आणि एअरलाइनचं कार्ड सगळ्यात शेवटी.

परदेशी आहे म्हणून कार्ड मिळत नाही, असं बरेच जण धरून चालतात, ते तितकंसं खरं नाहीये. २००१ च्या पेट्रियट अ‍ॅक्टमधून आलेल्या नियमाप्रमाणे बँकेला तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळखीचा एक नंबर घ्यावाच लागतो, आणि परदेशी माणसासाठी तो नंबर पासपोर्टचाही चालतो. आता कायद्याला चालतो म्हणजे बँकेला चालतोच असं नाही, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्मवर नऊ आकड्यांचा एसएसएन (तिथला सोशल सिक्युरिटी नंबर) किंवा आयटीआयएन (टॅक्सचा नंबर) टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. एसएसएन मिळतो तो मुख्यतः तिथे काम करायची परवानगी असलेल्यांना, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या वाट्याला आयटीआयएन.

इथे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आयटीआयएन हा फक्त टॅक्ससाठीचा नंबर आहे आणि तो आयआरएस (अमेरिकेचा टॅक्स विभाग) देते, बँक नाही. 'मला क्रेडिट कार्ड काढायचंय' हे कारण तिथे चालत नाही. डब्ल्यू-७ नावाचा फॉर्म भरायचा आणि सोबत अमेरिकेचा टॅक्स रिटर्न जोडायचा, अनिवासी असाल तर १०४०-एनआर. रिटर्न न जोडता नंबर मिळायचे काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ तिथून रॉयल्टी येते आणि टॅक्स कराराचा फायदा घ्यायचाय, किंवा तिथल्या कसिनोत जिंकलात आणि त्यावर टॅक्स कापला गेला. माझं कारण सरळ होतं, ताई आणि मी मिळून न्यू जर्सीत एक छोटं घर घेतलंय, ते भाड्यानं दिलंय, त्या भाड्याचा रिटर्न मला भरावाच लागणार होता. ज्यांचा अमेरिकेशी टॅक्सचा काहीच संबंध नाही त्यांनी नुसत्या कार्डासाठी खोटं कारण लिहायच्या भानगडीत पडू नये, आणि 'कुणालाही आयटीआयएन काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटांपासून तर चार हात लांबच राहावं.

कागदपत्रांमध्ये पासपोर्ट हाच राजा. आयआरएस १३ प्रकारचे कागद मान्य करते, पण ओळख आणि परदेशी असणं या दोन्ही गोष्टी एकट्यानं सिद्ध करणारा कागद फक्त पासपोर्ट. नोटरीची झेरॉक्स चालत नाही. एक तर मूळ पासपोर्ट पाठवा, नाहीतर ज्यांनी तो दिला त्या खात्याकडून प्रमाणित प्रत आणा, किंवा आयआरएसनं नेमलेल्या सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडे जा, तो पासपोर्ट बघून तिथल्या तिथे परत देतो. सरकारी फी काही नाही, एजंट त्याची फी घेतो. मी एजंटचेच पैसे दिले, कारण पासपोर्ट कित्येक आठवडे पोस्टाच्या भरवशावर सोडायची माझी छाती नव्हती. वेळ साधारण ७ आठवडे, १५ जानेवारी ते ३० एप्रिल या सीझनमध्ये किंवा परदेशातून पाठवलं तर ९ ते ११. आणि नंबर एकदा मिळाला की कायमचा असं समजू नका, सलग ३ वर्षं कुठल्याच रिटर्नवर वापरला नाही तर तो बाद होतो.

आता नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं आणि पासपोर्टवर बऱ्याचदा पहिली दोन एकत्र 'गिव्हन नेम'च्या रकान्यात येतात. माझ्या डब्ल्यू-७ वर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत फक्त त्याचं पहिलं अक्षर, आणि पहिल्या कार्डावर तेही गायब. सहा महिन्यांनी कळलं की क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, माझ्या दोन फाइली बनल्यायत, दोन्ही अर्धवट, एकीत खातं आहे पण नंबर नाही, दुसरीत उलटं. ते जोडायला पासपोर्टची प्रत, आयआरएसचं पत्र, पत्त्याचा पुरावा असं सगळं पोस्टानं पाठवलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवा की नाव कसं लिहायचं, आणि मग सगळीकडे तस्संच, एका अक्षराचाही फरक नको.

पत्ता अमेरिकेतलाच लागतो. पोस्ट बॉक्स राहता पत्ता म्हणून चालत नाही, आणि ते ऑनलाइन व्हर्च्युअल मेलबॉक्सवाले पत्ते बँकेची सिस्टिम लगेच ओळखते, कारण असे पत्ते टपाल एजन्सी म्हणून नोंदलेले असतात. नातेवाइकाचा पत्ता टपालासाठी द्या, पण 'मी इथेच राहतो' असं खोटं लिहू नका. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे, आणि क्रेडिट कार्ड हे कर्जच. ऑनलाइन फॉर्ममध्ये परदेशी पत्त्याला जागा नसेल तर फोन करून किंवा शाखेत जाऊन सरळ परिस्थिती सांगा.

बँक खात्याचं म्हणाल तर प्रत्यक्ष शाखेत पासपोर्ट आणि दुसरा एक ओळखीचा कागद घेऊन जाणं हाच खात्रीचा रस्ता. मला एका शाखेत नाही म्हणाले आणि त्याच बँकेच्या पलीकडच्या गावातल्या शाखेत अर्ध्या तासात खातं उघडून दिलं, तर एकीकडे नाही म्हणाले म्हणून लगेच खट्टू होऊ नका. तिथे डब्ल्यू-८बीईएन फॉर्मवर सही घेतील, म्हणजे तुम्ही अमेरिकेचे करदाते रहिवासी नाही हे लिहून देणं. भारतात राहून रिटर्न भरत असाल तर हे खातं त्या भारतातल्या रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवायला विसरू नका.

मग क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद. त्यावरून बँका बघतात तो फायको स्कोअर बनायला किमान एक खातं ६ महिने जुनं लागतं. साधा मार्ग म्हणजे डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड, दर महिन्याला थोडंसं वापरायचं आणि पूर्ण बिल भरायचं. एक शॉर्टकट आहे, तुमच्या देशात अमेक्सनं (अमेरिकन एक्सप्रेसनं) स्वतः दिलेलं कार्ड किमान ३ महिने जुनं असेल तर त्या ओळखीवर अमेरिकेतल्या अमेक्सकडे अर्ज करता येतो. दुसऱ्या बँकेनं काढलेलं अमेक्सचा नुसता लोगो असलेलं कार्ड किंवा कुणाचं सप्लिमेंटरी कार्ड याला चालत नाही.

एवढं झालं की मग एअरलाइन. डेल्टाची कार्डं अमेक्सची, युनायटेडची चेस बँकेची, अमेरिकनची सिटी बँकेची. चेसचा एक अलिखित नियम सगळ्यांना पाठ असतो, गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून ५ किंवा जास्त कार्डं काढली असतील तर सहसा नकारच, पण आपली तर दोनसुद्धा नसतात त्यामुळे इथे आपण सुखी. अर्जात वार्षिक उत्पन्न विचारतात, परदेशातलं उत्पन्न डॉलरमध्ये करून लिहिलं तरी चालतं, फक्त पुरावा मागितला तर दाखवता यायला हवा.

कार्ड निवडताना बोनसच्या आकड्याला भुलू नका, तुम्ही नेमके कुठून कुठे उडता ते बघा. अमेरिकनच्या सिटीवाल्या नेहमीच्या कार्डावर फुकट बॅग मिळते ती देशांतर्गत प्रवासाला, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला तिचा फार उपयोग नाही. युनायटेडला फुकट बॅग हवी तर तिकीट त्याच कार्डानं काढावं लागतं, डेल्टाला तशी अट नाही. डेल्टा आणि युनायटेडचे माइल्स (कार्ड वापरून किंवा उडून जमणारे पॉइंट) संपत नाहीत, अमेरिकनचे २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. आणि वर्षातून एकदाच अमेरिकेला जात असाल तर खरं सांगतो, वार्षिक फी भरून हे कार्ड सांभाळण्यापेक्षा एअरलाइनची फुकट मेंबरशिप घ्या, ती कुठल्याही देशातल्या माणसाला मिळते.

नकार आला तर कारण लेखी मिळतं, बँकेला साधारण ३० दिवसांत कळवावंच लागतं, आणि त्या पत्रानंतर ६० दिवसांत तुमचा क्रेडिट रिपोर्ट फुकट मागता येतो. पत्र आल्यावर बँकेला फोन करून पुन्हा विचार करा म्हणून सांगता येतं, माझा दुसरा अर्ज असाच फोनवर पास झाला, पलीकडच्या बाईंनी फक्त पत्ता आणि नाव परत तपासलं.

कार्ड पास झालं ते ताईच्या पत्त्यावर साध्या पांढऱ्या पाकिटात आलं, वर बँकेचं नावसुद्धा नाही, आणि तिथे रोज क्रेडिट कार्डांच्या जाहिरातींची तसलीच पाकिटं येतात म्हणून दाजींनी ते न उघडता श्रेडरमध्ये घातलं. दुसरं मागवलं, आणखी दहा दिवस गेले. ते सुरू करायला ओटीपी लागतो, तो इंटरनेटवरच्या फुकट नंबरावर बऱ्याचदा येतच नाही, त्यामुळे तिथलं खरं सिम आधीच घेऊन ठेवा आणि घरच्यांना पाकिटाचं सांगून ठेवा.