थायरॉइड, झोप आणि हाडांची झीज

अवटू ग्रंथीचे (थायरॉइड) विकार आणि अपुरी झोप या दोन्हींचा हाडे ठिसूळ होण्याशी, म्हणजे अस्थिविरलतेशी, संबंध जोडला जातो. दोन्हींमागचा पुरावा मात्र सारख्या बळाचा नाही. थायरॉइडचा संबंध जुना आणि पक्का आहे. अतिक्रियाशील थायरॉइडने दगावलेल्या एका तरुणीची लांब हाडे किडीने पोखरल्यासारखी दिसत होती, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १८९१ मध्येच नोंदवले होते. झोपेचा अभ्यास त्या मानाने अगदी अलीकडचा.

हाड जन्मभर झिजत आणि भरत असते. अस्थिभंजक पेशी जुना भाग विरघळवतात, अस्थिजनक पेशी तिथे नवा भाग घालतात. निरोगी प्रौढात एका जागेवरची ही फेरी साधारण २०० दिवस चालते. रक्तात थायरॉइड संप्रेरक जास्त झाले की ती जवळजवळ निम्म्या काळात उरकते, पण भरणीला पुरेसा वेळ मिळत नाही आणि दर फेरीला थोडी तूट राहते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा आधार गेलेला असल्याने ही तूट अधिक भोवते.

थायरॉइड मंदावल्यास फेरी उलट लांबते. लहान मुलांची त्यामुळे उंची खुंटते. प्रौढांत हाड झपाट्याने झिजत नाही. ‘थायरॉइडच्या गोळीने हाडे झिजतात’ ही घरोघरी ऐकू येणारी भीती म्हणूनच अर्धीच खरी आहे. योग्य मात्रेतील लिव्होथायरॉक्सिनने (मंद थायरॉइडसाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या गोळीने) तसे होत नाही, गरजेपेक्षा जास्त मात्रा वर्षानुवर्षे चालू राहिली तर होते. टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे मेंदूतील ग्रंथीचे संप्रेरक, थायरॉइड संप्रेरक जास्त झाले की ते रक्तात घटते. ते ०.१ च्या खाली राहणाऱ्यांत खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका वाढलेला दिसतो. थायरॉइडच्या कर्करोगानंतर टीएसएच काही वेळा मुद्दाम खाली ठेवावे लागते. अशा वेळी, विशेषतः रजोनिवृत्त स्त्रियांची, अस्थिघनता तपासत राहणे आवश्यक ठरते. हाडांसाठी घेतलेली कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवते, म्हणून दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवतात.

हाडांच्या झिजेला दिवसरात्रीची लय आहे. तिचे रक्तातील निदर्शक (झीज किती चालू आहे हे दाखवणारे घटक) रात्री उशिरा ते पहाटे चढतात आणि दुपारी उतरतात. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रजोनिवृत्त स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची अस्थिघनता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. फरक लहानच होता, साधारण वर्षभराच्या वयोमानाइतका. कमी झोपेमुळेच घनता घटली, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. २०१७ च्या एका प्रयोगात दहा पुरुषांची झोप तीन आठवडे कमी करून तिची वेळही विस्कटली, तेव्हा हाड बनण्याचे निदर्शक घसरले आणि झिजेचे होते तिथेच राहिले. दहा माणसांवरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण संशोधकांना धागा मिळाला.

रुग्णाच्या बाबतीत या दोन गोष्टी अनेकदा एकत्रच येतात. थायरॉइड अतिक्रियाशील असेल तर धडधड, घाम आणि निद्रानाश होतो. मंद असेल तर घोरणे व झोपेत श्वास अडखळणे बळावू शकते. निद्रानाशाचे मूळ न शोधता झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या तर हाडांची झीज चालूच राहते, शिवाय गोळीच्या गुंगीत वयस्कांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. अतिक्रियाशीलतेवर उपचार झाल्यावर गेलेली घनता पुढच्या काही वर्षांत बरीचशी भरून येते, मात्र प्रत्येकाची पूर्ववत होतेच असे नाही.